लिंबाजीमामा पाचवं शील का म्हणत नव्हते

जयभीम.

विहारात जमलेल्या आयाबायांनो, वडीलधाऱ्यांनो, मंडळातल्या माझ्या भावांनो, आणि आज आडत बंद ठेवून आलेल्या अप्पा,

मला बोलायला उभं केलंय, कारण आमच्या घरात शिकलेली मी एकटी. 'सुजाता बीए झाली, ती बोलेल,' असं ठरलं. काल दिवसभर मी वहीत लिहीत होते. चार पानं झाली. आज ती वही घरीच ठेवून आले. त्यात सगळं नीट होतं, पण मामा नव्हते. म्हणून आठवेल तसं बोलते. अडखळले तर सांभाळून घ्या. मध्येच थांबले तर पाण्याचा तांब्या घेऊन कुणी धावू नका. टँकर परवा येणार आहे.

लिंबाजीमामा जाऊन आज सातवा दिवस. ते माझ्या आईचे थोरले भाऊ. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणून मी उदगीरला त्यांच्या घरी आले आणि तिथलीच झाले. माझे ते सख्खे मामा, पण या वस्तीत लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणायचे. गेली दोन वर्षं मात्र त्यांना आणखी एक नाव पडलं होतं. थापाड्या. पोरं म्हणायची, मोठी माणसं म्हणायची. 'काय थापाड्या, आज कुठं जाऊन आलास?' म्हणायचे आणि हसायचे.

मी कुणाला दोष द्यायला उभी नाही. चारचौघांत त्यांना खोटं ठरवणारी पहिली मीच होते. ते सांगायला उभी आहे.

आणखीही एक कारण आहे. तिकडं टेबलावर हाराशेजारी एक रजिस्टर ठेवलंय. आपल्या मंडळानं ठरवलंय की ही सभा संपली की मामांच्या स्मरणार्थ वस्तीतल्या सात जणांनी सगळ्यांसमोर पाचवं शील घ्यायचं, दारू सोडल्याचं बोलून दाखवायचं, आणि नंतर आठ दिवस विहाराच्या मागच्या खोलीत राहायचं. बाहेरून कडी. म्हणजे दारू मिळणारच नाही. विलासभाऊ, तुम्ही बोर्ड लिहिलाय तो मी येताना वाचला. अक्षर चांगलं आहे. तुमचं मन त्याहून चांगलं आहे, हे मला माहीत आहे. पण दोन वर्षांपूर्वी तसाच बोर्ड मी लिहिला होता. त्या खोलीची कडी मी लावली होती. आणि आत मामा होते.

माझं बोलणं होईपर्यंत ते रजिस्टर उघडू नका. एवढंच मागते.

मामा काय काम करायचे ते तुम्हाला माहीत आहे, पण बाहेरगावचे पाहुणे आलेत म्हणून सांगते. मामा मोंढ्यात पोती शिवायचे. हमाल पोतं भरून काट्यावर चढवायचे, आणि तोंड शिवायला मामा. हातात दाभण, गळ्यात सुतळीचा वेटोळा. एका पोत्याला चौदा टाके. कधी तेरा नाहीत, पंधरा नाहीत. दोन्ही कोपऱ्यांना कान ठेवायचे, हमालाला धरायला. नांदेडला, बिलोलीला उतरलेलं पोतं बघून तिथली माणसं म्हणायची, हा टाका उदगीरचा, लिंबाजीचा. मी लहानपणी त्यांच्याजवळ बसून सुतळी तोडून द्यायचे. ते म्हणायचे, "सुजे, पोत्याचं तोंड कसं शिवावं? माणूस खरं बोलून गप बसतो तसं. सैल न्हाई, आवळून न्हाई."

आणि मामा प्यायचे. ते लपवून मला त्यांना मोठं करायचं नाही. हमालांमध्ये एक समजूत होती, अजूनही आहे, की दिवसभर धान्याची धूळ छातीत जाते ती संध्याकाळी धुवून काढावी लागते. 'धूळ धुवायला चाललाव,' असं म्हणून सगळे मिळून जायचे. मामांची धूळ आधी आठवड्याला धुतली जायची. मग रोज. मग सकाळीसुद्धा, कारण सकाळी हात कापायचे आणि कापत्या हाताला दाभणाचं नेढं सापडत नव्हतं. दोन घोट घेतले की हात स्थिर. आम्ही म्हणायचो, प्यायल्याशिवाय कामाला जात नाही, किती नाद हा! हात का कापतो, हे आमच्यातल्या कुणी विचारलं का?

मामीनं काय सोसलं ते मामी जाणे. तिचा डावा हात मनगटातून अजून नीट वळत नाही. ते दारात पडून झालं असं तिनं दवाखान्यात सांगितलं होतं. आज ती इथं समोर बसली आहे, आणि हे मी बोलावं का, असं मी तिला सकाळी विचारलं. ती म्हणाली, "बोल. मेल्यावर धुऊन काढू नको त्यांला. हुतं तसं सांग."

होतं तसंच सांगते, मामी.

दर पौर्णिमेला आपण इथं वंदनेला जमतो. मामा कधी चुकले नाहीत. तिकडं, त्या खांबाला टेकून बसायचे. त्रिशरण म्हणायचे. मग पंचशील. पहिलं शील मोठ्यानं. दुसरं मोठ्यानं. तिसरं, चौथं मोठ्यानं. आणि पाचव्याला तोंड बंद. सगळा विहार पाचवं म्हणायचा, मामा खाली बघत बसायचे. मी आठवीत असेन. घरी जाताना विचारलं, "मामा, तुम्ही पाचवं का म्हणत नाही? येत नाही का?"

"येतं की."

"मग?"

"चौथ्यात काय म्हणलाव आपण?"

"खोटं बोलणार नाही."

"हां. आन् लगेच पाचव्यात म्हणू, दारू पिणार न्हाई? चौथ्याचा आवाज अजून छपराला हाय गं पोरी. इतक्यात कसं मोडू?"

मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. वर्षानुवर्षं विहारात बसून, सगळ्यांच्या नजरा झेलत, एका वाक्याला गप्प राहायचं. त्यापेक्षा ओठ हलवणं किती सोपं होतं! आपल्यातले किती जण नुसते ओठ हलवतात, ते आपण इथं विचारायला नको.

मी बीएचं शेवटचं वर्ष देऊन आले तेव्हा पावसाचं दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. मोंढ्यात माल नव्हता. पोतीच भरत नव्हती तर शिवणार काय? माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, नाहीतर दारूच्या भट्टीवर प्यायला. मी पुस्तकं वाचून आले होते. भाषणं ऐकून आले होते. मला वाटायचं, माणसाचा निश्चय झाला की सगळं होतं. निश्चय होत नाही, कारण आपण तो करायला लावत नाही. मी बायकांना जमवलं, मंडळाला उभं केलं. मोर्चा काढला, भट्टी फुटली. तुम्ही सगळ्या माझ्यासोबत होता. त्या मोर्चाचा मला आजही अभिमान आहे. चूक तिथं झाली नाही.

चूक पुढं झाली. मी म्हटलं, येत्या पौर्णिमेला माझे मामा पाचवं शील म्हणतील. आधी माझ्या घरापासून सुरुवात.

मामा चार दिवस टाळत होते. "थांब की, सुगी येऊ दी." मी म्हटलं, "मामा, माझ्यासाठी." ते बराच वेळ दाभणाला घासलेट लावत बसले. दाभणाला गंज नव्हता. मग म्हणाले, "तू म्हणतीस म्हणून म्हणतो. पण मग पाळावं लागंल बग. मला अर्धं जमत न्हाई."

आणि त्यांनी म्हटलं. पाच शीलं म्हटली, मोठ्यानं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी रडले. मामी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. मामांच्या हाताकडं बघत होती.

मामा स्वतःच्या पायांनी त्या खोलीत गेले. आत घोंगडी होती, माठ होता, उजेडाला खिडकी होती. कडी मी लावली.

पहिल्या दिवशी हात कापले, घाम आला. मी दाराबाहेरून म्हटलं, "मामा, धीर धरा, विष बाहेर पडतंय." दुसऱ्या दिवशी ते भिंतीवर मुंग्या आहेत म्हणून झाडायला लागले. भिंतीवर काही नव्हतं. दुपारी मी खिडकीतून बघितलं, तर ते मांडी घालून बसले होते आणि हवेत शिवत होते. हातात काही नाही. दाभण नाही, सुतळी नाही, पोतं नाही. पण हात तसाच चालत होता. टाका, ओढ, गाठ. टाका, ओढ, गाठ. मला बघून म्हणाले, "सुतळी तोड की गं, गाडी लागलीय."

मामी दाराशी आली. पदराखाली वाटी होती. म्हणाली, "पोरी, कडी काढ. दोन घोट पोटात जाऊ दी. मरून जाईल ते माणूस. मी त्यांला वीस वर्षं बगायलीय, हे कापणं न्यारं हाय."

आणि मी, बीए, काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "मामी, तुमच्या अशा लाडांमुळंच हे झालं."

मामी वाटी घेऊन परत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामांना झटका आला. दात आवळले, डोळे फिरले, डोकं भिंतीवर आपटलं. आधी एक, मग दुसरा. कडी काढताना माझा हात चालेना. विलासभाऊ, कडी तुम्हीच काढली, आठवतं ना? किसनकाका मोंढ्याकडं पळत गेले आणि अप्पांनी मालाची जीप तशीच रिकामी करून पाठवली. आपला जिल्हा लातूर झाला म्हणून दोन तासांत मोठ्या दवाखान्यात पोचलो. आधीसारखं उस्मानाबाद गाठायचं असतं, तर मामा वाटेतच गेले असते.

तिथं एक तरुण डॉक्टर होते. नांदेडकडचे. त्यांनी विचारलं, "रोज पीत होते?"

"हो."

"कधी बंद केली?"

"परवा."

"एकदम?"

मी जरा ताठ होऊन म्हटलं, "एकदम. थेंबभर दिली नाही."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ताई, असं करायचं नसतं. इतक्या वर्षांची रोजची दारू घरी एकदम तोडली तर माणूस जाऊ शकतो."

मला वाटत होतं, दारू पिण्यानं माणूस मरतो. सोडण्यानं मरतो, हे मला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. त्यांनी समजावलं ते मी मोंढ्याच्या भाषेत सांगते, कारण मला ते तसंच कळलं. तराजू डोळ्यांसमोर आणा. दारू डोक्याला मंद करते, गुंगवते. ते एका पारड्यातलं वजन. ते रोज पडायला लागलं की आपला मेंदू काय करतो? काटा सरळ ठेवायला दुसऱ्या पारड्यात तेवढंच वजन टाकतो. म्हणजे स्वतःला जास्त जागं करतो, जास्त पळवतो. वर्षानुवर्षं टाकत राहतो. म्हणून जुन्या पिणाऱ्याला थोडी पिऊन चढत नाही, आणि नाही प्यायला तर हात कापतो. मामांचा सकाळचा हात कापायचा तो नादानं नाही. काटा हलायचा. आणि आम्ही काय केलं? एका पारड्यातलं सगळं वजन एका झटक्यात उचललं. दुसरं पारडं धाडकन खाली आलं. त्या मुंग्या, ते हवेतलं शिवणं, तो झटका, ते सगळं त्या पारड्याचं आपटणं होतं.

वजन उतरवायचंच असतं. पण दवाखान्यात, औषधानं, थोडं थोडं. डोळ्यांत तेल घालून.

मी विचारलं, "पण त्यांचा निश्चय होता." डॉक्टर म्हणाले, "निश्चय कुठं राहतो? डोक्यातच ना? दारूनं सगळ्यात आधी तीच जागा दुबळी केलेली असते. पाय मोडलेल्या माणसाला आपण चाल म्हणत नाही. आधी पाय बांधतो."

हे मी परत येऊन कुणाला सांगितलं नाही; तुम्हाला वाटलं, मामांना फेफरं आलं. मामा वाचले. पण मागं काही तरी राहून गेलं. दारूवरचा माणूस धड जेवत नाही, आणि जेवलेलं अंगी लागत नाही. धान्याच्या कोंड्यात, डाळीत एक जीवनसत्त्व असतं, ते त्यांच्या शरीरात उरलंच नव्हतं. त्यात दुष्काळाचं खाणं. त्याच्याशिवाय मेंदूतली नवी आठवण साठवायची जागा वाळून जाते. जन्मभर धान्याची तोंडं शिवणाऱ्या माणसाला धान्यातलीच एक गोष्ट कमी पडली. डॉक्टरांनी सुया दिल्या. डोळे ठिकाणावर आले, चाल सुधारली. आठवण परत आली नाही.

मामांना जुनं सगळं आठवायचं. मी आठवीत कुठली ओढणी घ्यायचे, तेही. पण सकाळी जेवलो का, ते आठवायचं नाही. जेवून हात धुतला की म्हणायचे, "वाढ की गं." मामी पुन्हा अर्धी भाकर द्यायची. एकदाही म्हणाली नाही की आत्ताच जेवलात.

आणि मग ते थापाड्या झाले. कसे झाले, ते ऐका.

माझा पदवीदान समारंभ झाला तेव्हा मामा घरी अंथरुणावर होते. मी आणि बाबा जाऊन आलो. महिन्याभरानं मोंढ्यातल्या चहाच्या टपरीवर मामा सांगत होते, मी मागून येत होते, माझ्या कानांनी ऐकलं. "तिसऱ्या रांगंत बसलो हुतो. मोठा मांडव. पोरीनं काळा झगा घातला हुता. नाव पुकारलं तसं मी उभाच राहिलो. मागचा म्हणला, बसा की वो काका, दिसंना. मी म्हणलं, तुला कशाला दिसाय पायजे, पोरगी माझी हाय!"

हमाल हसत होते. "मामा, तुमी तर अंथरुणात हुता!" "लिंबाजी, झगा तू शिवला हुतास का? चौदा टाक्यांचा?"

मला लाज वाटली. माझ्या शिकलेपणाला लाज वाटली म्हणा. मी पुढं झाले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "मामा, खोटं का बोलता? तुम्ही आला नव्हता."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "न्हवतो?"

"नाही."

"मग मी हुतो कुठं?"

  टपरीवरचे हसले. आणि त्या दिवसापासून ते नाव पडलं. पुढच्या खेपेला औषध आणायला गेले तेव्हा मी डॉक्टरांकडं तक्रार केली, की मामा आता खोटं बोलायला लागलेत. डॉक्टर म्हणाले, "ताई, खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असतं. यांना नाही. आठवणीला भोक पडलंय. मेंदूला ते मोकळं बघवत नाही. तो हाताशी जे असेल त्यानं भरतो, आणि त्यांना ते खरंच आठवतं."

येताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून रडले. उंदरानं पोतं कुरतडलं की मामा काय करायचे? ठिगळ लावायचे, टाका घालायचे. धान्य सांडायला नको. त्यांचं डोकं तेच करत होतं. आणि ठिगळ कशाचं लावलं होतं बघा. दारूच्या गुत्त्याचं नाही. माझ्या समारंभाचं. तिसऱ्या रांगेचं. जिथं त्यांना जायचं होतं, तिथं त्यांचं डोकं त्यांना घेऊन गेलं.

अप्पा, तुमचे आभार मी कसे मानू? तुम्ही त्यांना परत दुकानावर बसवलंत. मी म्हटलं, अप्पा, त्यांना काही लक्षात राहत नाही. तुम्ही म्हणालात, "अगं, डोक्याला राहत नसंल. हाताला राहतंय की. बस म्हण त्याला." आणि खरंच, सकाळचं जेवण विसरणारा माणूस चौदा टाके विसरला नाही. डॉक्टर म्हणाले, हाताची आठवण मेंदूत वेगळ्या जागी असते, ती शाबूत राहते. माल नसला की ते रिकामं पोतं घेऊन शिवायचे. तुम्ही संध्याकाळी ते उसवून ठेवायचात, म्हणजे सकाळी त्यांना पुन्हा काम. हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. मी बघितलंय.

आता एकच गोष्ट सांगते. ती झाली की मी बसते.

त्या आजारानंतर मामांनी दोन वर्षं थेंब घेतला नाही. मामी साक्षीला आहे. लिव्हर मात्र आधीच खराब झालेलं होतं, आणि शेवटी त्यानंच त्यांना नेलं. त्या दोन वर्षांतही ते पौर्णिमेला यायचे. तोच खांब. पहिलं शील मोठ्यानं, दुसरं, तिसरं, चौथं. आणि पाचव्याला तोंड बंद.

मी जवळ जाऊन बसले. हळू म्हटलं, "मामा, आता म्हणा. तुम्ही सोडलीय."

"कोण म्हणलं?"

"मी म्हणते. दोन वर्षं झाली. तुम्ही पीत नाही."

ते बराच वेळ आठवत राहिले. सोडल्याचं त्यांना आठवेना. प्यायल्याचंच आठवत होतं. मग मान हलवून म्हणाले, "नको सुजे. मला काय तसं याद न्हाई. उगं खोटं हुईल."

ऐकलंत?

ज्या माणसाला आपण दोन वर्षं थापाड्या म्हटलं, त्यानं पाचवं म्हटलं असतं तर ते खरंच होतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. तरी तो गप्प राहिला. कारण त्याला खात्री नव्हती. स्वतःचं जेवण आठवत नव्हतं, कालचा दिवस आठवत नव्हता. पण खोटं बोलायचं नाही, हे आठवत होतं. ते डोक्यात होतं की हातात, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही मी विचारलं नाही.

म्हणून आज या विहारात, त्यांच्या फोटोसमोर, मी सांगते. लिंबाजीमामा थापाडे नव्हते. या वस्तीत त्यांच्याइतकं खरं बोलणारं माणूस मी बघितलं नाही. ते नाव मी त्यांना मिळवून दिलं, आज मीच परत घेते. तुम्हीही परत घ्या.

आता ते रजिस्टर.

विलासभाऊ, यादीत पहिलं नाव किसनकाकांचं आहे. किसनकाका, तुम्ही तिकडं दाराजवळ उभे आहात. मघाशी चहाचा कप तुम्ही दोन्ही हातांनी धरला होता, आणि तरी बशीत सांडला. मी ते बघितलं. माझ्या मामांसाठी मोंढ्यापर्यंत अनवाणी पळालेले तुम्ही. तुम्हाला मी त्या खोलीत जाऊ देणार नाही. ती कडी लावायची तर आधी मला बाजूला ढकलावं लागेल.

बायांनो, तुमचं दुःख मला कळतं. आपापल्या माणसाचं नाव या यादीत तुम्हीच घातलंय. एवढी रागाची, एवढी थकलेली बाई दुसरं काय करील? पण कडी हा उपाय नाही. कडी मी करून बघितलीय. उद्या सकाळची सातची लातूर एसटी आहे. मी जाणार आहे. त्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. ज्याला सोडायची आहे त्यानं यावं. ते तपासतील, गरज असेल त्याला ठेवून घेतील, औषधं देतील, सुया देतील. आणि त्यांनी एक निरोप दिलाय, तो विहारात सांगायला जड जातो, पण सांगते. रोज पिणाऱ्यानं दवाखान्यात पोचेपर्यंत स्वतःच्या मनानं एकदम तोडू नये. शपथ डॉक्टरांनी हात धरल्यावर घ्या. ती टिकेल.

आणि मामी. त्या दुपारी दारातून परत पाठवलं ते चुकलं माझं. शिकलेली मी होते, पण माणूस तुम्ही ओळखला होता.

आता आपण उभं राहू. पंचशील म्हणू, कारण मामांना ते म्हणूनच निरोप द्यायचा. चार शीलं मोठ्यानं म्हणायची. त्यांच्यासारखी, छपराला आवाज जाईल अशी. चौथं झालं की थांबायचं. कुणी पुढं जायचं नाही. खोकायचं नाही, लेकराला गप कर म्हणायचं नाही. तेवढा वेळ मामांचा. विहारात इतकी वर्षं ते एकटे गप्प राहायचे, आज आपण सगळे राहू.

मग ज्याला पाचवं खरेपणानं म्हणता येईल त्यानं म्हणावं. ज्याला येणार नाही त्यानं खाली बघत गप्प राहावं. त्याच्याकडं कुणी वळून बघायचं नाही, कुणी नाव लिहायचं नाही.

आणि जो गप्प राहील, त्यानं उद्या सकाळी सात वाजता स्टँडवर यावं. मी त्याच्यासाठी जागा धरून ठेवते. तिसऱ्या रांगेत.

उठा. हात जोडा.